विश्लेषण : ‘महादेवा’तून स्ट्रायकर घडेल? अनिकेत जाधवची वाट आणि चंद्रपूर-गडचिरोलीचे अंतर

लिओनेल मेसी १४ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईत वानखेडे स्टेडियमवर आला, तेव्हा राज्य सरकारने ‘महादेवा’ या फुटबॉल प्रकल्पाचा शुभारंभ केला. १३ वर्षांखालील ३० मुले आणि ३० मुली निवडून त्यांना पाच वर्षे शिष्यवृत्तीसह प्रशिक्षण देण्याची ही योजना आहे. मेसीसोबतचे फोटो दोन दिवस सगळ्यांच्या स्टेटसवर फिरले. खरा प्रश्न मात्र त्यानंतरचा आहे. या ६० मुलांपैकी कुणी उद्या भारतासाठी गोल करील का? आणि पुढच्या वेळी जे ६० निवडले जातील, त्यांत भामरागड किंवा जिवतीचे मूल असण्याची शक्यता किती?

महाराष्ट्राने असा एक स्ट्रायकर याआधी वर्ल्ड कपपर्यंत पोहोचवला आहे. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला. त्याला तिथवर नेणारी वाट कशी होती, पुढे त्या वाटेचे काय झाले आणि ती चंद्रपूर-गडचिरोलीपासून किती लांब आहे, हे तपासले तर ‘महादेवा’कडून काय मागायचे ते स्पष्ट होते.

अनिकेत जाधव कोण?

जन्म १३ जुलै २००० चा, कोल्हापूरचा. या शहरात फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही एकेकाळी कुस्तीच्या तालमींची नावे. आज त्याच नावांचे फुटबॉल संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरतात आणि त्यांच्यामागे त्यांची पेठ उभी राहते. प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ असे संघही त्याच रांगेतले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग हंगामभर चालते. स्थानिक सामन्याला गॅलरी भरते, वाद होतात, कधी पोलिसांनाही बोलवावे लागते. अशा गावात वाढणाऱ्या मुलाला फुटबॉल कुणी मुद्दाम शिकवावा लागत नाही. तो गल्लीतच भेटतो.

पण गल्लीतला खेळ आणि स्पर्धात्मक खेळ यांत मोठे अंतर असते. ते अंतर अनिकेतने राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीमुळे पार केले. तो लहान वयातच पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलातील प्रबोधिनीत दाखल झाला. राहणे, जेवण, शाळा आणि सराव एकाच आवारात. रिक्षाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराला बूट, आहार आणि प्रवासाचा खर्च पेलणे अवघड असते. तो भार शासनाने उचलला. मुलाकडे फक्त खेळायचे काम राहिले.

कोल्हापूर ते पुणे हे अंतर २३० किलोमीटरच्या आसपास आहे. संध्याकाळच्या एसटीने निघाले तर रात्री पोहोचता येते. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

२०१७ च्या वर्ल्ड कपमध्ये काय घडले?

भारताने यजमान म्हणून १७ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये प्रवेश मिळवला. फिफाच्या कोणत्याही वर्ल्ड कपमध्ये भारताचा पुरुष संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. दिल्लीत ६ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ०-३, ९ ऑक्टोबरला कोलंबियाकडून १-२ आणि १२ ऑक्टोबरला घानाकडून ०-४ असे तीन पराभव झाले. भारताचा एकमेव गोल मणिपूरच्या जीक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध केला.

त्या संघात दोन मराठी आडनावे होती. बचावपटू नमित देशपांडे अमेरिकेत वाढलेला. महाराष्ट्रातल्या मैदानांवर घडलेला खेळाडू म्हणजे अनिकेत, आणि तोही आघाडीच्या फळीतला. स्पर्धेआधी १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यात ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ झाले. एकाच दिवशी राज्यभरातल्या शाळा-महाविद्यालयांत लाखो मुलांना फुटबॉल खेळवण्याचा तो उपक्रम होता. चेंडू शाळांपर्यंत गेले, फोटो निघाले. त्यानंतर बहुतेक शाळांमध्ये त्या चेंडूंना गरज होती ती एका वेळापत्रकाची. कोणत्या शनिवारी, कुणाविरुद्ध, कुठे खेळायचे, हे सांगणारा कागद त्या चेंडूंसोबत गेला असता तर त्या दिवसाचा हंगाम झाला असता.

वर्ल्ड कपनंतर अनिकेतची क्लब कारकीर्द कशी घडली?

वर्ल्ड कप संपताच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्या मुलांना एकत्र ठेवून ‘इंडियन ॲरोज’ हा संघ आय-लीगमध्ये उतरवला. कुमार खेळाडूंना मोठ्यांच्या लीगमध्ये सलग सामने मिळावेत, हा हेतू. २९ नोव्हेंबर २०१७ च्या पहिल्याच सामन्यात ॲरोजने चेन्नई सिटीला ३-० ने हरवले. त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. सतरा वर्षांच्या मुलाने व्यावसायिक लीगमध्ये पदार्पणाच्या सामन्यात दोन गोल करावेत, ही साधी गोष्ट नव्हती.

२०१९ मध्ये त्याला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबमध्ये सरावाची संधी मिळाली. हा क्लब २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाकडे आहे. त्याच वर्षी तो इंडियन सुपर लीगमधील (आयएसएल) जमशेदपूर एफसीमध्ये दाखल झाला. २०२१-२२ च्या हंगामात तो हैदराबाद एफसीकडे गेला. २० मार्च २०२२ रोजी गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये नमवून विजेतेपद जिंकले, तेव्हा अनिकेत त्या क्लबचा खेळाडू होता. पुढे ईस्ट बंगाल आणि ओडिशा एफसी या क्लबांचे जर्सीही त्याने घातले.

एका रिक्षाचालकाच्या मुलासाठी ही कारकीर्द नक्कीच मोठी आहे. पण ज्या मुलाकडे वर्ल्ड कपच्या वेळी ‘भविष्यातला स्ट्रायकर’ म्हणून पाहिले गेले, तो मोठ्या लीगमध्ये प्रामुख्याने बाजूने धावणारा विंगर म्हणून खेळला. असे का झाले, याचे उत्तर एकट्या अनिकेतमध्ये शोधून चालणार नाही.

स्ट्रायकरचा विंगर का होतो?

आयएसएलची सर्वाधिक गोल करणाऱ्यांची यादी पाहा. एलानो, स्टिव्हन मेंडोझा, मार्सेलिन्हो, कोरो (दोनदा), व्हाल्स्किस, इगोर अँगुलो, ओगबेचे, दिएगो मॉरिसिओ, दिमित्रिओस दियामान्ताकोस, अलादीन अजराई. २०१४ ते २०२४-२५ या अकरा हंगामांत ‘गोल्डन बूट’ एकदाही भारतीय खेळाडूकडे गेला नाही.

कारण सरळ आहे. क्लबला निकाल लगेच हवा असतो. परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असल्याने त्यांतली सर्वांत महागडी जागा गोल करणाऱ्याला दिली जाते. सुरुवातीला मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत, नंतर पाच आणि २०२१-२२ पासून चार. संख्या घटली, पण मधोमध उभ्या राहणाऱ्या ‘नऊ नंबर’वरचा परदेशी सहसा हटला नाही. मग वेग असलेल्या भारतीय आघाडीपटूला प्रशिक्षक बाजूला पाठवतो. तिथे त्याचे काम चेंडू पुढे नेऊन पास देणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूमागे धावणे. गोलसमोर अर्ध्या सेकंदात निर्णय घेण्याची सवय ज्याला लागायची, त्याला ती जागाच क्वचित मिळते.

याचा परिणाम राष्ट्रीय संघावर दिसतो. सुनील छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या सामन्यानंतर निवृत्ती घेतली. तेव्हा त्याच्या नावावर ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते. नऊ महिन्यांत त्याला परत बोलवावे लागले. १९ मार्च २०२५ रोजी मालदीवविरुद्ध पुन्हा गोल केला तो याच चाळिशीतल्या छेत्रीने. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरकडून घरच्या मैदानावर १-२ असे हरून भारत २०२७ च्या आशियाई चषकाच्या शर्यतीतून बाहेर पडला.

अनिकेत ज्या पायऱ्या चढला त्या आज आहेत का?

हा या विश्लेषणातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. अनिकेत शाळकरी वयात बालेवाडीत घडत होता, तेव्हा आणि त्यानंतरच्या काही वर्षांत पुण्यात क्लब फुटबॉलची गर्दी होती. पुणे एफसी आय-लीगमध्ये होता, तो बंद झाला. भारत एफसी २०१४-१५ च्या एकाच हंगामात संपला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर लीगमध्ये दिसला नाही. एफसी पुणे सिटीचा कारभार २०१९ मध्ये आटोपला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. म्हणजे कोल्हापूरच्या खेळाडूने विजेतेपद अनुभवले ते पुण्याची जागा घेतलेल्या क्लबमध्ये. पुढे हैदराबादचाही आर्थिक डोलारा कोसळला आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला हलला. महासंघाने इंडियन ॲरोज २०२२ मध्येच गुंडाळला.

आता आयएसएलमध्ये राज्याचा एकच क्लब उरला आहे, मुंबई सिटी एफसी. त्यातच जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवून ठेवला. महासंघाबरोबरचा त्यांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपत होता आणि पुढचे काहीच ठरलेले नव्हते. खेळाडूंचे महिने सामन्यांविना गेले.

‘महादेवा’ची मुले पाच वर्षांनी १७-१८ वर्षांची होतील. शिष्यवृत्ती संपेल त्या दिवशी त्यांना खेळवणारा क्लब राज्यात कुठे असेल? योजनेचा खरा निकाल तेव्हा लागेल.

नेदरलँड्समध्ये वेगळे काय होते?

वेगळेपण समजून घ्यायला रूड व्हॅन निस्टलरॉयचे उदाहरण चांगले आहे. मँचेस्टर युनायटेडसाठी २१९ सामन्यांत १५० गोल करणारा हा डच स्ट्रायकर १ जुलै १९७६ रोजी ऑस या छोट्या शहरात जन्मला आणि जवळच्या गेफन गावात वाढला. गावच्या क्लबचे नाव ‘नोइत गेदाख्त’. अर्थ साधारण ‘कधी वाटलंच नव्हतं’. तिथून ऑसचा मार्ग्रिट क्लब आणि तिथून डेन बॉश या दुसऱ्या श्रेणीतल्या व्यावसायिक क्लबमध्ये प्रवेश. ऑस ते डेन बॉश हे अंतर जेमतेम २० किलोमीटर. चंद्रपूरहून बल्लारपूरला जाऊन थोडे पुढे जावे इतके.

डेन बॉशमध्ये तो १९९३ ते १९९७ अशी चार वर्षे खेळला. सुरुवातीला तो स्ट्रायकर नव्हताच, मधल्या फळीत खेळायचा. तिथेच त्याला पुढे आणले गेले. त्या काळात त्याने सत्तरच्या आसपास लीग सामने खेळले. गोलांची संख्या डोळे दिपवणारी नव्हती. २१ व्या वर्षी तो पहिल्यांदा वरच्या श्रेणीत, हीरेनवीनमध्ये आला. एका हंगामानंतर पीएसव्ही आइंडहोवनने त्याला घेतले आणि १९९८-९९ मध्ये त्याने ३४ लीग सामन्यांत ३१ गोल केले. २००० मध्ये मँचेस्टरला जाण्याच्या तोंडावर गुडघ्याचा लिगामेंट तुटला. वर्षभर तो बाहेर बसला. तरीही २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडने १ कोटी ९० लाख पौंड मोजून त्यालाच घेतले. २००२-०३ मध्ये प्रीमियर लीगचे विजेतेपद आणि २५ गोलांसह ‘गोल्डन बूट’ त्याच्याकडे आला. पुढे रेयाल माद्रिदसाठी पहिल्याच हंगामात तो स्पॅनिश लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. हॅम्बर्ग आणि मालागा करून २०१२ मध्ये तो थांबला.

आता वयाच्या एकविसाव्या वर्षी दोघे कुठे होते ते शेजारी ठेवून पाहा. अनिकेत वर्ल्ड कप खेळून, देशाच्या सर्वोच्च लीगमधल्या विजेत्या संघात होता. निस्टलरॉय नुकताच दुसऱ्या श्रेणीतून वर आला होता. कागदावर अनिकेत पुढे होता. दोघांची गुणवत्ता, देश आणि काळ वेगळा, त्यामुळे ही तुलना ताणू नये. पण एक गोष्ट तीतून निश्चित दिसते. डच व्यवस्थेने एका मुलाला घराजवळ सलग सामने दिले, मधल्या फळीतून पुढे आणले आणि उशिरा फुलण्याची मुभा दिली. तेराव्या वर्षीच्या एका चाचणीवर त्याचे भवितव्य ठरले नाही.

नेदरलँड्सच्या फुटबॉल संघटनेकडे सुमारे १२ लाख नोंदणीकृत सदस्य आहेत. गावोगावचे क्लब स्वयंसेवक चालवतात. शनिवारी वडील गाडी काढतात, मुलगा शेजारच्या गावात सामना खेळून दुपारी घरी येतो. लहान मुलांचे सामने पूर्ण मैदानावर होत नाहीत. सहा विरुद्ध सहा, आठ विरुद्ध आठ असे छोट्या मैदानावर होतात. त्यामुळे प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो आणि गोलसमोर येण्याच्या संधीही वाढतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत अडते कुठे?

आधी आकार समजून घेऊ. चंद्रपूर जिल्हा ११,४४३ चौरस किलोमीटर आणि गडचिरोली १४,४१२. दोन्ही मिळून जवळपास २५,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या नेदरलँड्सच्या निम्म्याहून जास्त. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या मात्र दोन्ही मिळून सुमारे ३२ लाख ७७ हजार. नेदरलँड्सची आजची लोकसंख्या १ कोटी ८० लाखांच्या आसपास आहे. गडचिरोलीचे सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र जंगलाखाली. मुले विखुरलेली आहेत आणि सिरोंचाहून जिल्हा मुख्यालयाला यायचे तरी दोनशे किलोमीटर पडतात. नागपूर त्याहून पुढे. बालेवाडी तर चंद्रपूरहून सातशे किलोमीटरहून जास्त. कोल्हापूरच्या मुलाला एक रात्र पुरली, इथल्या मुलाला तेवढ्यात राज्याचे दुसरे टोक गाठायचे असते.

दुसरी अडचण कॅलेंडरची. शालेय फुटबॉल आणि सुब्रतो चषकाच्या तालुका-जिल्हा फेऱ्या अनेकदा जुलै-ऑगस्टमध्ये होतात. त्याच दिवसांत पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. रस्ता बंद असताना निवड होऊन गेली, तर त्या मुलाचे एक वर्ष गेले. तेरा-चौदाच्या वयात एक वर्ष म्हणजे वयोगटच निघून जाणे.

तिसरी अडचण निवडीच्या पद्धतीची. प्रबोधिनीच्या नैपुण्य चाचण्यांत उंची, ३० मीटर धाव, शटल रन, उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर असे घटक पाहिले जातात. जंगलपट्ट्यातली चपळ मुले यात मागे पडण्याचे कारण नाही. पण वेग टायमरवर दिसतो. बचावपटूच्या मागून केव्हा निसटायचे हे टायमरवर दिसत नाही. ते कळते सामन्यांत, आणि तेही अनेक सामन्यांत.

चौथी गोष्ट कुणी मोकळेपणाने बोलत नाही. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या मैदानांवर पहाटे गर्दी असते ती पोलीस भरतीच्या सरावाची. १०० मीटर, १६०० मीटर आणि गोळाफेक. घरच्यांच्या दृष्टीने तो शहाणपणाचा हिशेब आहे. वर्दी मिळाली की पगार सुरू. फुटबॉलमध्ये विसाव्या वर्षी काय हाती येईल ते सांगता येत नाही, आणि अनिकेतच्या पायऱ्यांचे जे झाले ते पाहता पालकांना दोष देता येत नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे मोठ्या स्पर्धांतल्या कामगिरीची असतात. ती मिळवायची तर आधी जिल्ह्याबाहेर पडावे लागते.

मग इथे काहीच नाही का?

आहे, आणि बरेच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनी ‘मिशन शौर्य’मध्ये मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट गाठले. पाच मुले शिखरावर पोहोचली. योग्य निवड, पुरेसा सराव आणि खर्चाची हमी मिळाली तर जिवती-राजुऱ्याकडची मुले काय करू शकतात, याचा त्याहून मोठा पुरावा नको. बल्लारपूरजवळ विसापूरला सिंथेटिक ट्रॅकसह क्रीडा संकुल आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. गडचिरोली पोलीस दुर्गम भागात कबड्डी आणि व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरवतात आणि त्यात गावेच्या गावे उतरतात. म्हणजे मुलांना एकत्र आणण्याची यंत्रणा आहे.

नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल खेळवायला सुरुवात केली आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. ‘झुंड’ हा चित्रपट त्यावरूनच आला. २०१६ मध्ये या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, राहुल क्लब अशा जुन्या संघांची नागपूरची लीगही आहे. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. पहिला पूल नागपूरचा होऊ शकतो, पुण्याचा नंतर.

नेमके बदलायचे काय?

थोडे गणित करू. समजा ३२ आश्रमशाळांचे संघ आहेत. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एकूण ३१ सामने होतात. सोळा संघ एकच सामना खेळून घरी जातात. सरासरी काढली तर प्रत्येक संघाच्या वाट्याला दोनपेक्षाही कमी सामने येतात. वर्षभर सराव केलेल्या मुलाला गोल करण्याची संधी मिळते ती साठ-सत्तर मिनिटांची. त्या दिवशी पाय मुरगळला किंवा समोर बलाढ्य शाळा आली की विषय संपला.

आता त्याच ३२ शाळांचे जवळजवळच्या आठ-आठ शाळांचे चार गट करा. प्रत्येकाने गटातल्या प्रत्येकाशी एकदा खेळायचे. प्रत्येक संघाला सात सामने, एकूण ११२. परतफेरी ठेवली तर चौदा सामने. अंतर वाढत नाही, कारण गट तालुक्याच्या आसपासचे आहेत. पूर ओसरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी असा हंगाम ठेवला तर रस्तेही साथ देतात आणि उन्हाळाही टळतो. सात विरुद्ध सात खेळवले तर आश्रमशाळेसमोरचे आहे ते पटांगण पुरते.

यासाठी नवीन स्टेडियम लागत नाही. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर ही पाच आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आधीच आहेत आणि आश्रमशाळा त्यांच्याच अखत्यारीत येतात. लागेल तो प्रवासखर्च, काही प्रशिक्षित पंच आणि प्रत्येक सामन्याची नोंद ठेवणारी वही किंवा मोबाइल ॲप. कुणी किती गोल केले, कितव्या मिनिटाला, कुणाविरुद्ध, ही नोंद तीन वर्षे साठली की निवड समितीला एका दिवसाच्या चाचणीवर अवलंबून राहावे लागणार नाही. भामरागडच्या शाळेतल्या मुलाने दोन हंगामांत सतत गोल केले आहेत, हे पुण्यात बसूनही दिसेल.

‘महादेवा’च्या ६० जागा हा जिन्याचा वरचा टप्पा आहे. त्याखालच्या पायऱ्या जिल्ह्यात बांधल्या नाहीत, तर दर वेळी तीच शहरे, त्याच शाळा आणि तीच मुले वर पोहोचतील.

पालक आणि शिक्षकांनी काय विचारावे?

मूल फुटबॉलमध्ये चमकत असेल आणि एखादी अकादमी किंवा योजना दारात आली, तर जर्सी आणि नामांकित क्लबच्या नावापेक्षा चार प्रश्न महत्त्वाचे. वर्षाला किती अधिकृत सामने मिळतील? मूल कोणत्या जागी खेळेल आणि ती जागा का? शाळेचे काय? आणि दुखापत झाली किंवा अठराव्या वर्षी करार मिळाला नाही, तर पुढची सोय कोणती?

अनिकेतला यातल्या पहिल्या तीन प्रश्नांची चांगली उत्तरे बालेवाडीत मिळाली, म्हणून तो सतराव्या वर्षी वर्ल्ड कपला पोहोचला. त्यानंतर त्याला घडवणारे संघ एकामागून एक बंद पडत गेले आणि गोलसमोरची त्याची जागा इतरांना गेली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलाला आज पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘दोनपेक्षा कमी’ असे मिळते. सरकारला पहिला आकडा बदलायचा असेल, तर तो हाच आहे.